तात्कालिक गती : पाटणच्या मठापासून गणकयंत्रापर्यंत



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘विकलनाचा इतिहास’ असे उत्तर दिले आणि ते क्षणभर गप्प राहिले. त्यांचे गप्प राहणे रास्तच होते. या शहरात आमची ओळख कामगार संघटनेचा माणूस अशी आहे. वेतनकरार, कपात, फाटकावरची सभा यांपलीकडे आमच्याकडून कोणी काही ऐकावे, असे आम्ही आजवर केलेले नाही. शिक्षण म्हणाल तर दहावी. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि रात्रपाळी संपल्यावर बस येईपर्यंतच्या वेळात. तेव्हा गणिताचे प्राध्यापक या सभेत बसले असतील त्यांनी आमच्या चुका पदरात घ्याव्यात, आणि निघताना सांगाव्यात.

या विषयाकडे आम्ही हौसेने गेलो नाही, ठेच लागून गेलो. काही वर्षांपूर्वी वाळूजकडील एका कारखान्यात उत्पादनाशी बांधलेल्या बोनसचा करार चालला होता. उत्पादन, हजेरी, नापास माल अशा पाचसात गोष्टी एका प्रोग्राममध्ये घातल्या जात आणि बाहेर एक तक्ता येई. त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहिलेले असे : निर्देशांक आणखी एका अंशाने वाढला तर बोनस किती वाढेल. आम्ही सहाजण वाटाघाटीला बसलो होतो. त्या रकान्यातले आकडे पाहून आम्ही पुढचा दर मान्य केला. करार तीन वर्षांचा. वर्ष उलटल्यावर एका मुलाने दाखवून दिले की, जिथे टप्पा बदलतो नेमक्या त्या जागी तो रकाना खालच्या टप्प्याचा दर सांगत होता. आमची बहुतेक माणसे त्याच जागी उभी होती! लबाडी कोणाचीच नव्हती. यंत्राने त्याला सांगितले तेवढे केले, व्यवस्थापनाने ते छापले, आम्ही ते वाचले. पण करारावर सही आमची होती. तेव्हापासून ‘एवढे वाढले तर तेवढे किती वाढेल’ हा प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाही.

हाच प्रश्न म्हणजे विकलन. आणि तो आपल्या दाराशी किती जुना आहे हे कळले तेव्हा आम्हांला खरोखर आश्चर्य वाटले.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला. लीलावती हा त्याचाच एक भाग, आणि सामान्य माणसाला भास्कराचार्य माहीत असतात ते लीलावतीमुळे. पण आमच्या विषयाचा मजकूर लीलावतीत नाही. तो ग्रहगणितात आहे. चंद्राची गती रोज सारखी नसते हे ज्योतिषी पूर्वीपासून जाणत होते. आजचे स्थान आणि उद्याचे स्थान यांतले अंतर काढले की एका दिवसाची गती मिळते. भास्कराचार्य म्हणतात की, चंद्र इतका वेगाने चालतो की एवढ्याने भागत नाही. तिथीचा शेवट जवळ आला असेल तर त्या क्षणाची गती हवी. तिला त्यांनी ‘तात्कालिक गती’ म्हटले.

ती काढायची कशी? ज्यांचे कोष्टक आर्यभटापासून चालत आलेले होते. त्रिज्या ३४३८, आणि पाऊणेचार अंशांच्या पायऱ्यांनी २४ ज्या. कोष्टकात ६० अंशांच्या अलीकडची वाढ ११९ आहे, पलीकडची १०६. मग बरोबर ६० अंशांवर वाढ किती धरायची? ११९ म्हणावे तर ती मागची, १०६ म्हणावे तर ती पुढची. भास्कराचार्य सांगतात : पहिल्या पायरीच्या २२५ ला त्या जागच्या कोटिज्येने गुणा आणि त्रिज्येने भागा. ६० अंशांची कोटिज्या १७१९, म्हणजे त्रिज्येच्या बरोबर निम्मी. उत्तर येते साडेएकशेबारा. ११९ आणि १०६ यांच्या अगदी मधोमध! ज्या कशी वाढते हे कोटिज्येवरून कळते, हे आज बारावीचा विद्यार्थी एका ओळीत लिहितो. ग्रहाचे मंदफळ जिथे सर्वांत मोठे होते तिथे गतीचा फरक शून्य होतो, हेही त्यांनी ओळखले होते. १८५८ साली काशीच्या संस्कृत पाठशाळेतले बापूदेव शास्त्री, हे मूळचे महाराष्ट्रीय, यांनी भास्कराचार्यांस विकलन ठाऊक होते असा लेखच बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला आणि त्यावर विलायतेत वाद झाला. आमचे मत विचाराल तर, न्यूटन-लायब्निझ यांनी जे सर्वांसाठी लागू पडणारे शास्त्र उभे केले ते भास्कराचार्यांपाशी नव्हते. पण प्रश्न तोच होता आणि त्या एका ठिकाणी उत्तरही तेच होते. यापेक्षा अधिक अभिमान बाळगण्याचे कारण नाही आणि याहून कमी बाळगण्याचेही नाही.

ही विद्या पुढे आपल्या देवगिरीत आली. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने आपल्याकडे नेले. नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटण येथे मठ काढला. कन्नडचा घाट उतरला की चाळीसगावच्या अंगाला हे पाटणदेवीचे रान लागते. तिथल्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. तो शके ११२८ चा, म्हणजे १२०७ च्या सुमाराचा. वरचा भाग संस्कृतात आहे, वंशावळ आणि स्तुती. पण शेवटच्या ओळी त्या काळच्या मराठीत आहेत आणि आम्हांला विचाराल तर लेखातला जीव तिथे आहे. पाटणच्या बाजारात जो माल उघडला जाई त्यावरचा राजाचा वाटा मठाला दिला. गिऱ्हाइकामागे सुपाऱ्या दिल्या. आणि जितके घाणे चालतील तितक्या प्रत्येक घाण्यामागे पळी पळी तेल दिले. राजाच्या दानाचे गोडवे सगळेच गातात. आमच्या धंद्याच्या माणसाला दिसतो तो घाण्याभोवती फिरणारा बैल आणि त्यामागे चालणारा तेली. तात्कालिक गतीच्या अध्यापनाला दिवा त्याच्या तेलाने जळत होता. त्याला त्यातले काय शिकवले गेले, हे शिलालेखात नाही.

मधली सहा शतके आम्ही एका उडीत ओलांडतो. बाळशास्त्री जांभेकरांनी मराठीत या शास्त्रावर पुस्तक लिहिले आणि त्याला ‘शून्यलब्धिगणित’ असे नाव दिले. आम्हांला हे नाव आजच्या ‘विकलना’पेक्षा अर्थपूर्ण वाटते : फरक शून्याकडे नेत नेत जे लाभते ते. कुलाब्याच्या वेधशाळेत बाळशास्त्रींनी आणि केरो लक्ष्मण छत्र्यांनी काम केले, आणि केरूनानांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० साली निघाली. ज्याने हाताने असे एक पान तयार केले असेल त्यालाच त्या कामाचे कष्ट कळतील. त्या काळी इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ हे यंत्राचे नाव नव्हते. तो एक हुद्दा होता. सर्व्हे खात्यात, वेधशाळांत, पगारी माणसे बसून आकडे मोडीत. यंत्राने घेतले ते त्यांचे काम, आणि बरोबर त्यांचे नावही.

आपल्या देशात बांधलेले पहिले मोठे गणकयंत्र मुंबईचे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते १९६० मध्ये पुरे झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याच सुमारास बाहेरच्या जगात हा प्रश्न उठला होता की, यंत्र सूत्राचे उत्तर काढते तसे त्याचे विकलनही त्याने आपोआप का काढू नये? मॉस्कोत बेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये बेस्म नावाच्या यंत्रासाठी असे प्रोग्राम केले. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या वेंगर्ट यांनी १९६४ मध्ये एक छोटासा लेख लिहिला. युक्ती इतकी साधी आहे की ती फळ्यावर मांडता येते.

एका नगाचा कच्चा माल २० रुपये, मजुरी ५ रुपये, नग ४००. पहिली पायरी : २० आणि ५ मिळून २५. दुसरी पायरी : २५ गुणिले ४००, म्हणजे १०,००० रुपये खर्च. आता मजुरी एका रुपयाने वाढली तर खर्च कितीने वाढेल? एक रीत अशी की मजुरी ६ धरून सगळा हिशेब पुन्हा करावा. या सोप्या उदाहरणात चालेल, पण सूत्र वाकडेतिकडे असले की वाढ मोठी धरली तर उत्तर चुकते, आणि फार बारीक धरली तर यंत्राचे दशांश अपुरे पडून सारी वाढ गोळाबेरजेत बुडते. वेंगर्टची रीत अशी : वहीत प्रत्येक आकड्याशेजारी दुसरा रकाना ठेवा, ‘मजुरीच्या एका रुपयामागे हा आकडा कितीने हलतो.’ मजुरीपुढे १, मालापुढे ०, नगांपुढे ०. बेरजेत रकाने मिळवा, म्हणजे २५ पुढे १. गुणाकारात नगांनी गुणा, म्हणजे १०,००० पुढे ४००. कुठेही अंदाज नाही, कुठेही ‘जवळजवळ’ नाही. प्रत्येक पायरीचा नियम ठाऊक असला की लाख पायऱ्यांच्या हिशेबाचेही विकलन अचूक निघते.

पण यात एक खोट आहे. आम्ही मजुरीविषयी विचारले म्हणून रकाना मजुरीचा. नगांविषयी विचारायचे तर नगांपुढे १ घालून पुन्हा पहिल्यापासून. दहा हजार गोष्टींवर अवलंबून असलेला हिशेब असला तर दहा हजार फेऱ्या. हेलसिंकीच्या सेप्पो लिन्नाइन्मा या विद्यार्थ्याने १९७० मध्ये आपल्या प्रबंधात, गोळाबेरजेच्या चुका मोजता मोजता, उलटी वाट दाखवली. शेवटापासून निघा. खर्चापुढे १ लिहा. खर्च हा २५ गुणिले ४०० मधून आला. म्हणून २५ च्या वाट्याला ४०० येतात, आणि नगांच्या वाट्याला २५. मग २५ हे २० आणि ५ मधून आले. दोघांच्याही वाट्याला ते ४०० जसेच्या तसे. एका परतीच्या फेरीत तिन्ही उत्तरे हाती! गोष्टी तीन असोत की तीन कोटी, परतीचा खर्च मूळ हिशेबाच्या चारपाच पटींच्या पलीकडे जात नाही. १९८६ पासून यंत्रांना शिकवण्याच्या ज्या रीतीचा गाजावाजा झाला आणि आज जिच्या जोरावर यंत्रे माणसासारखी वाक्ये लिहितात, तिच्या पोटात हीच परतीची फेरी आहे.

परतीला मात्र एक अट आहे. जाताना काय काय केले याची नोंद हवी. ही अट लक्षात असू द्यावी. पुढचे सगळे रामायण तिच्यामुळे घडले.

आता आम्ही विषय सोडून नॉर्वेला जातो असे वाटेल. पण ते तसे नाही.

क्रिस्टेन नीगोर हे नाव आमच्या संघटनेतही फार थोड्यांना ठाऊक आहे. ओस्लोच्या नॉर्वेजियन गणकयंत्र केंद्रात त्यांनी आणि ओले-योहान दाल यांनी ‘सिम्युला’ नावाची भाषा तयार केली. तिचे १९६७ चे रूप म्हणजे आज ज्याला ऑब्जेक्टवर आधारलेली रचना म्हणतात तिचा उगम. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो कारखान्यांचा, बंदरांचा, रांगांचा. पुलावर टोलनाका आहे, रांगेत मालमोटारी आहेत, बसगाड्या आहेत. रांगेत उभे राहणे सर्वांना सारखे, पण प्रत्येकीचे वागणे निराळे. जुन्या रीतीत सारे आकडे एका मोठ्या फडताळात आणि सारी कृती एका लांब यादीत असे. या दोघांनी आकडे आणि कृती एकत्र बांधून लहान लहान वस्तू केल्या. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक खात्याची वही त्या खात्याच्या कपाटात. बाहेरच्याने चिठ्ठी द्यावी, उत्तर घ्यावे, वहीत डोकावू नये. आणि एकच चिठ्ठी, ‘पुढे सरक’, मालमोटारीला दिली तर ती एका रीतीने सरकते, बसला दिली तर दुसऱ्या. चिठ्ठी लिहिणाऱ्याला पुढे कोण उभे आहे हे ठाऊक असावेच लागत नाही.

नीगोरना लौकरच दिसले की ज्या साधनाने काम उत्तम समजते त्याच साधनाने कामगाराला बांधताही येते. मग त्यांनी जे केले त्याला आमच्या माहितीत जोड नाही. १९७० नंतरच्या वर्षांत ते नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर कामाला लागले. प्रथम बेत असा होता की तज्ज्ञांनी अहवाल लिहावेत. मध्येच त्यांनी तो बदलला. अहवाल म्हणजे फळ नव्हे, कामगार स्वतः जे समजून घेतील आणि त्या जोरावर जे करतील ते फळ, असे ठरले. कामगारांसाठी पाठ्यपुस्तके झाली, कारखान्याकारखान्यांत अभ्यासमंडळे झाली. त्यातून गणकयंत्रांविषयीचे करार निघाले आणि १९७५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर करार झाला : नवे यंत्र आणण्यापूर्वी कामगारांना समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, आणि त्यांनी या कामापुरता आपला एक प्रतिनिधी निवडावा. २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक दाल आणि नीगोर यांना मिळाले, आणि पुढच्याच वर्षी, दीड महिन्याच्या अंतराने, दोघेही गेले.

त्याच काळात आपल्याकडे काय चालले होते? साठच्या दशकात कलकत्त्याच्या आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी गणकयंत्र आत येऊ नये म्हणून इमारतीवर पहारे बसवले. सरकारने स्वयंचलनावर समिती नेमली. अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर, अहवाल १९७२ चा. नोकऱ्या जातील ही भीती खोटी नव्हती आणि त्या पहाऱ्यांची आम्ही चेष्टा करणार नाही. आमचे गुरुजन त्या पिढीचे. पण यंत्र येऊ द्यावे की न द्यावे एवढ्यातच आमची सारी शक्ती खर्च झाली. यंत्र हिशेब कसा करते हे शिकणे आम्ही आमचे काम मानले नाही. ते नॉर्वेत मानले गेले. हे आम्ही बाहेरून बोलत नाही. तीन वर्षांच्या त्या कराराखाली सही करणारे आम्हीच.

असो. सिम्युलाची रचना पुढे स्ट्राउस्ट्रुप यांनी सी भाषेत आणली, १९८३ मध्ये तिला सी प्लस प्लस हे नाव मिळाले, आणि विमानाचे पंख, इंजिने, वाऱ्याचे झोत मोजणारे मोठमोठे प्रोग्राम या रीतीने लिहिले जाऊ लागले. आणि इथे विकलनाची गाडी अडली.

तोवर विकलनाची साधने फोर्ट्रान भाषेसाठी बनत होती. फोर्ट्रान १९५७ ची, सरळ वळणाची. शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत आणि राइस विद्यापीठात नव्वदीच्या आरंभी ‘अ‍ॅडिफोर’ झाले, फ्रान्समध्ये ‘तापेनाद’ झाले. यांची रीत मुनिमाची : मूळ चोपडी वाचायची आणि तिच्यावरून विकलनाची दुसरी चोपडी लिहून काढायची. फोर्ट्रानमध्ये कोणती ओळ कोणाला हाक मारते हे वाचून कळते. ऑब्जेक्टच्या प्रोग्राममध्ये चिठ्ठी कोणाच्या हाती पडणार हे प्रोग्राम चालू झाल्याशिवाय कळतच नाही. वही दुसऱ्याच्या कपाटात. मुनीम वाचणार काय?

दुसरी अडचण आमच्या मते अधिक गमतीची आहे. अशा प्रोग्राममध्ये वस्तू जन्मतात आणि काम संपले की मरतात. त्यांची जागा दुसरीला दिली जाते. सरळ जाताना हे ठीक. पण परतीच्या फेरीत त्या मेलेल्या वस्तूचाच हिशेब लागतो, आणि तिच्या जागी तर भलताच कोणी बसलेला! बदली कामगारांच्या हजेरीपटात एकाच बिल्ल्याखाली दोन माणसे आली म्हणजे पगाराच्या दिवशी जो गोंधळ होतो तोच हा.

वाट सापडली ती ऑब्जेक्टच्याच रचनेतून. साध्या आकड्याऐवजी दोन खिशांचा आकडा करायचा, एका खिशात किंमत, दुसऱ्यात विकलन. आणि अधिक, उणे, गुणिले या चिन्हांना नवा अर्थ शिकवायचा. मूळ प्रोग्रामात आकड्याची जात तेवढी बदलली की बाकीच्या ओळी जशाच्या तशा राहतात. उलट्या फेरीसाठी प्रत्येक क्रिया घडता घडता एका लांब टेपवर नोंदली जाते. चिठ्ठी कोणाच्याही हाती पडो, घडले ते टेपवर येतेच, आणि वस्तू मेली तरी तिचा नोंदलेला क्रमांक मरत नाही. आंद्रेआस ग्रीवांक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ‘अ‍ॅडॉल-सी’ हे या रीतीचे नावाजलेले साधन. त्याचा सविस्तर लेख १९९६ चा.

पण टेप किती लांब? आजचे साधे यंत्र सेकंदाला शंभर कोटी क्रिया सहज करते. एकेका क्रियेच्या नोंदीला सोळा अक्षरांची जागा धरली तर एका सेकंदाच्या कामाला सोळाशे कोटी अक्षरांची वही लागते. तासभर चालणाऱ्या हिशेबाला वही पुरणार कोठून? ग्रीवांक यांनीच १९९२ मध्ये तोड काढली. कन्नडचा घाट उतरताना प्रत्येक पावलाची नोंद ठेवू नका. काही वळणांवर दगड मांडून ठेवा. परतताना सर्वांत जवळच्या दगडापासून पुन्हा खाली चाला आणि तेवढाच टप्पा ध्यानात धरा. पुन्हा चालण्याचे श्रम वाढतात, पण वही आटोक्यात येते. दगड किती आणि फेऱ्या किती याचे गणित सुंदर आहे : दहा दगड आणि कोणतेही पाऊल फार तर पाच वेळा पुन्हा चालण्याची तयारी, एवढ्यावर ३००३ पावले उलट चालता येतात.

त्यापुढच्या सुधारणा आम्ही थोडक्यात सांगतो, कारण इथे आमची समज तोकडी पडते. पुढच्या साधनांनी सबंध वाक्याची मिळून एकच नोंद करायला सुरुवात केली, प्रत्येक बेरजेची वेगळी नाही. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नचे ‘कोडिपॅक’ या प्रकारचे. समीकरणे सोडवणाऱ्या भागाच्या आतल्या शेकडो फेऱ्या न नोंदता, तो भाग एकच पायरी मानून तिचा नियम हाताने लिहून देण्याची चालही पडली. आणि अगदी अलीकडे मंडळी मुळावरच गेली. ऑब्जेक्ट, चिठ्ठ्या, कपाटे ही सारी माणसाच्या सोयीसाठी. यंत्रासाठी भाषांतर होताना ती विरघळून साध्या क्रिया उरतात. मग विकलन तिथे, भाषांतरकाराच्या पोटातच का करू नये? ‘क्लॅड’ने ते भाषांतराच्या वरच्या मजल्यावर केले, मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत मोझेस आणि चुराव्ही यांनी २०२० मध्ये पुढे आणलेल्या ‘एन्झाइम’ने खालच्या मजल्यावर, आधी काटछाट करून मग विकलन. मूळ प्रोग्राम कोणत्या भाषेत होता याला तिथे फारसे महत्त्व उरत नाही.

एवढी साधने झाली. त्यांवर विश्वास कसा ठेवायचा? यालाही एक ताळा आहे आणि तो कोणत्याही दुकानदाराला पटेल. सरळ फेरीचे उत्तर आणि उलट फेरीचे उत्तर निरनिराळ्या वाटांनी आलेले असते. दोहोंचा ठरावीक गुणाकार करून बेरीज घेतली की दोन्ही बाजू शेवटच्या दशांशापर्यंत जुळल्या पाहिजेत, जमाखर्चासारख्या. जुळल्या नाहीत तर कुठेतरी नोंद सुटली आहे.

पण जुळल्या म्हणजे सारे ठीक, असेही नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याच्या ४८ तासांपुढील कामाला दुप्पट दर ठरवून दिला. ताशी १०० रुपयांचा माणूस घ्या. ४८ तासांचे ४८०० रुपये, ४९ तासांचे ५०००. प्रोग्राममध्ये लिहिलेले असते : तास ४८ हून अधिक असले तर हा नियम, नाही तर तो. माणूस बरोबर ४८ वर आहे. यंत्र विचारते, अधिक आहेत का? नाहीत. मग ते खालच्या नियमाने चालते आणि त्याच नियमाचे विकलन करते : पुढच्या तासाला १०० रुपये. खरे मिळणार २००. सरळ फेरी १०० म्हणते, उलट फेरीही १०० म्हणते, ताळा बिनचूक जुळतो. कारण ज्या वाटेने पाऊल पडले तेवढीच वाट साधनाला दिसते. शेजारची वाट त्याच्या टेपवर आलेलीच नसते. अ‍ॅडिफोरपासून एन्झाइमपर्यंत हाताळणी पुष्कळ सुधारली, पण कोपऱ्यावरचा हा प्रश्न साधनाने आपणहून सोडवावा असा नाही. कोपरा कुठे आहे हे कोणीतरी सांगावे लागते.

आमच्या तक्त्यातला तो शेवटचा रकाना असाच होता. आमची माणसे कोपऱ्यावर उभी होती, कारण टप्पा पुरा झाला की यंत्र पुढच्या पाळीच्या हाती द्यायचे अशी त्या खात्याची जुनी रीत. ही रीत प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती आम्हांला ठाऊक होती, आणि आम्ही ती सांगितली नाही, कारण तिचा त्या आकड्याशी काही संबंध असेल हे आमच्या ध्यानात आले नाही.

पुढच्या कराराच्या वेळी आम्ही दर मागण्याआधी दोन गोष्टी मागितल्या : प्रत्येक टप्प्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन आकडे, आणि तो हिशेब ज्याने लिहिला त्याच्याशी दोन तास बोलणे. पहिली लगेच मिळाली. दुसरीला चार महिने लागले. तो मुलगा आला तेव्हा जरा बिचकला होता. त्याला वाटले फाटकावर नेऊन उभे करणार. आम्ही त्याला चहा दिला, फळ्यावर २०, ५ आणि ४०० लिहिले आणि म्हटले, आता मागून पुढे चालून दाखवा. फिटर खात्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी त्याला तिसऱ्या पायरीवर अडवले, आणि पुढचा तासभर तो मिस्त्रींना समजावीत होता की मिस्त्री त्याला, हे आम्हांला शेवटपर्यंत कळले नाही.